सुटे आणावेत

रविवारी सकाळी पावणेसातला मी कसबा गणपतीच्या देवळाबाहेर उभी असते. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत शहराच्या जुन्या नकाशाच्या पंचवीस झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि चिल्लरीचा एक पत्र्याचा डबा. फेरीचं शुल्क माणशी पन्नास रुपये. पहिली चार माणसं पाचशेची नोट पुढे करतात आणि माझा डबा तिथंच हात टेकतो. म्हणून फेरीच्या निरोपात मी शेवटी एक ओळ घालते : सुटे आणावेत. पुण्यात जन्म काढून एवढी पाटीही लावायची नाही, तर मग काय उपयोग!

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्गातला इतिहास मार्कांचा असतो. सनावळी पाठ, कारणे द्या, टिपा लिहा. त्यातच एकदा सहावीच्या मुलांना शाळेमागच्या पेठेत पायी फिरवून आणलं. ज्या मुलाला पानिपतची तारीख कधी आठवली नव्हती, तो दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘बाई, आमच्या घराच्या जोत्याला पण तसलेच दगड आहेत.’ निवृत्त झाल्यावर मी फेऱ्या सुरू केल्या त्या या एका वाक्याच्या जोरावर.

लोक विचारतात, ‘पन्नासच का?’ सुरुवातीला कुणाच्या तरी सल्ल्यानं मी पाचशे घेत होते. त्या फेऱ्या छान व्हायच्या. टोप्या, कॅमेरे, सगळे वेळेवर हजर. मी सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि गेले. वर्षभरात माझं एक वाक्य कुणी खोडलं नाही. तेव्हा मला तो माझ्या अभ्यासाचा पुरावा वाटला. आज कळतं, खोडायला माहीत असणारी माणसंच त्या गर्दीत नव्हती.

शुल्क खाली आणलं आणि माणसं बदलली. मंगळवार पेठेतले रिक्षावाले आले. पोळ्या लाटायला जाणाऱ्या बाई नातीला घेऊन आल्या, गणेश मंडळाची पोरं आली. याच भागात हयात घालवलेले एक निवृत्त पोस्टमन आले. पहिल्याच महिन्यात मी तीनदा उघडी पडले. एका वाड्याच्या मालकाचं नाव मी ठासून सांगितलं, तर पोस्टमनकाका हळूच म्हणाले, ‘बाई, ते समोरचे. यांची पत्रं मी तीस वर्षं टाकलीत.’ माझ्या पुस्तकात नसलेली वही त्यांच्या डोक्यात होती. मला पगारी अभ्यासक ठेवणं परवडलं नसतं. पन्नास रुपयांत ते स्वतः चालत आले, वर मलाच पैसे देऊन गेले.

शहराबद्दल वाचण्या-ऐकण्याची हौस पुण्याला नवीन नाही. ना. वि. जोशी यांचं ‘पुणे शहराचें वर्णन’ हे पुस्तक १८६८ सालचं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं ते १९१० मध्ये. बसून वाचायची-ऐकायची सवय या गावाला जुनीच आहे. मी त्यात फक्त चालणं मिसळलं.

चालत बोलण्याचं तंत्र मात्र वेगळं. पहिला नियम उन्हाचा : ऊन माझ्या डोळ्यांवर, लोकांच्या पाठीवर. उलटं झालं की लोक कपाळावर हात धरून माझ्याकडे बघतात आणि मागचा दरवाजा कुणी पाहतच नाही. दुसरा, दुकानाचा : भवानी व्हायच्या आत कुणाच्या दुकानापुढे घोळका उभा करायचा नाही. तिसरा : सातच थांबे आणि एका थांब्याला एकच वस्तू. वाड्यात शिरलं की जोतं, सुरूदार खांब, तुळया, कडीपाट, केळफुलं, दिंडी असं सगळंच सांगावंसं वाटतं. पण मी फक्त अडसराचं भोक दाखवते. दारामागच्या भिंतीत हातभर खोल गेलेलं चौकोनी भोक. त्यात मुलांना हात घालायला सांगते. रात्री दार लावून लाकडाचा ओंडका आडवा सरकवला की घर बंद. ज्यानं तिथं कोपरापर्यंत हात घातलाय, त्याला वाड्याची भीती आणि वाड्याचा भरवसा दोन्ही वेगळे समजवावे लागत नाहीत.

तांबट आळीत तर मी बोलतच नाही. आळीच्या तोंडाशी सगळ्यांना गप्प उभं करते. आधी एक हातोडी ऐकू येते, मग दुसरी, मग त्यांचं एकमेकींत गुंतलेलं ठेक्याचं बोलणं. ही घराणी पेशवाईत कोकणातून इथं येऊन वसली. आत गेलं की मठारकाम दिसतं. घडवलेल्या तांब्याच्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाशेजारी एक ठोके घालत जायचं. प्रत्येक ठोक्याची एक चकाकती टिकली उमटते आणि तिच्याबरोबर तांबं कणखर होतं. नक्षी आणि मजबुती एकाच ठोक्यात. एकदा तिथं कोपऱ्यात मोठा बंब उभा होता. मी म्हटलं, ‘हा बंब.’ एक मुलगी म्हणाली, ‘आग विझवायचा?’ सगळे हसले. तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या त्या बाई पुढे झाल्या. मधल्या नळकांड्यात निखारे कसे टाकायचे, भोवतीचं पाणी कसं तापायचं, तोटी कुठं, राख कुठून काढायची, सगळं त्यांनी बंबाभोवती फिरून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, ‘दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच लावून हा घासायचं काम माझं. मान मोडायची.’ बंबावर मी दहा वाक्यं तयार ठेवली होती, ती पिशवीतच राहिली.

या कामात सगळ्यात मोठा मोह रंग भरण्याचा. मीही भरलेत. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. शनिवारवाड्यापुढे उभं राहून, पौर्णिमेच्या रात्री इथं अजून त्यांची हाक ऐकू येते असं आवाज खाली आणून सांगितलं की अंगावर काटा येतो. एकदा तो असा छान आलेला असताना आठ-नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, ‘तुम्ही ऐकलीये?’ नाही ऐकली. ‘मग कुणी?’ मला उत्तर देता आलं नाही. त्याच मुलानं त्याआधी लाल महालात भिंतीवर तळवा टेकवून विचारलं होतं, ‘या भिंतीला शिवाजी महाराजांचा हात लागला असेल?’ तिथंही मी गुळमुळीत काहीतरी बोलून पुढे सरकले होते. ती इमारत महापालिकेनं १९८० च्या दशकात उभारलेली. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो मूळ महाल कधीच गेला. हे तिथल्या तिथं सांगितलं असतं तर मुलगा हिरमुसला असता. पण न सांगता मी त्याला फसवलं होतं, आणि बहुधा ते त्याला कळलंही होतं.

तेव्हापासून मी माझ्या वाक्यांना तीन खण केलेत : ‘कागदात आहे’, ‘लोक सांगतात’ आणि ‘मला वाटतं’. प्रत्येक थांब्यावर कुठल्या खणातलं बोलतेय ते आधी सांगते. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला गेला आणि खर्च १६,११० रुपये आला, हे कागदात आहे. (तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, रक्कम मात्र सगळे घरी जाऊन सांगतात.) पानिपतावर मराठे पडले तेव्हा डुल्या मारुती डुलला, हे लोक सांगतात. खुन्या मुरलीधराच्या नावामागे कुणी मूर्तिस्थापनेच्या वेळी झालेली मारामारी सांगतं, कुणी १८९९ मधला, इंग्रजांना खबर देणाऱ्या द्रविड बंधूंचा खून जोडतं. मी दोन्ही सांगते. आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला नाव देताना बाजीरावाच्या मनात काय असेल, हे मला वाटतं. वाटायला मला बंदी नाही, पण ते कागदाच्या खणात घालायचं नाही.

खण वेगळे केल्यानं गोष्टी फिक्या पडतील, अशी धास्ती होती. झालं उलटंच. मंडईत उभं राहून मी सांगते की ही इमारत १८८० च्या दशकात रे मार्केट म्हणून झाली. नगरपालिकेत असताना या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं याच वास्तूला महात्मा फुले मंडई नाव मिळालं. यात माझा एक रंग नाही. तरी दर वेळी कुणीतरी कळसाकडे बघत म्हणतं, ‘अरे बापरे.’

शेवटचा थांबा पाण्याचा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं. जमिनीखालून बांधीव नळ, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा. पंप नाही, यंत्र नाही, नुसता उतार. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर सुटायची धुराडी. ते पाणी पेठांतल्या हौदांत पडायचं. साततोटी, बदामी हौद, फडके हौद ही नावं आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो, पण त्यातलं पाणी कुणाला आठवत नाही. मी हे असंच सांगून टाळी घ्यायची. म्हणायची, ‘पेशवाई गेली आणि हौदही संपले.’

एका जुलैत हे वाक्य म्हटलं, तर मागून आवाज आला, ‘संपले नव्हते हो.’ सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, नारायण पेठेतल्या. पन्नासची नोट त्यांनी रुमालाच्या गाठीतून काढून दिली होती, म्हणून लक्षात होत्या. म्हणाल्या, ‘पानशेतच्या साली आम्ही हौदाचंच पाणी प्यायलो.’

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हे कागदात आहे. आजी जे बोलल्या ते कुठल्या कागदात असणार? त्या तेव्हा दहा वर्षांच्या. वडलांनी पाठीवर घेतलं आणि सगळी आळी पर्वतीच्या दिशेनं धावत सुटली. दुसऱ्या दिवशी परतले तर घरात गुडघाभर चिखल. आई रडली नाही. पुरणाची चाळण घेऊन बसली आणि चिखल त्या चाळणीतून धुऊन काढत देव्हाऱ्यातले देव शोधू लागली. बाळकृष्ण सापडला, अन्नपूर्णा सापडली, शंख काही सापडला नाही. ‘धरणच फुटलं तर नळाला पाणी कुठलं? मग आम्ही पोरं घागरी घेऊन हौदावर. मोठी माणसं म्हणायची, नानासाहेबांचं पाणी आलं बरं का कामाला.’

सगळी फेरी गप्प होती. शाळेत तीस वर्षं ओरडूनही मला तसली शांतता मिळाली नव्हती. आता हौदापाशी मी हे सांगते ते ‘एका आजींनी सांगितलं’ असं म्हणून, लोकांच्या खणातून. आणि ‘हौद संपले’ हे वाक्य काढून टाकलंय. पाचशे रुपयांच्या फेरीत ते वाक्य अजून टाळ्या घेत राहिलं असतं.

स्वस्त ठेवणं हा माझा दानधर्म नाही, हे मला यातून उमगलं. शुल्क जेवढं, तसे श्रोते. ते खाली आणलं की श्रोत्यांत साक्षीदार येऊन उभे राहतात. शहराचा इतिहास पाहुण्यांना दाखवायचा असतो तसा घरच्यांकडून तपासूनही घ्यायचा असतो, आणि घरचे महाग तिकीट काढून आपलंच घर बघायला येत नाहीत.

हिशेबही सांगून टाकते. पंचवीस माणसांचे साडेबाराशे जमतात. झेरॉक्स, शेवटी सगळ्यांना अमृततुल्यचा चहा, वाडा उघडून देणाऱ्याच्या हातावर काही. उरलं तर पुस्तकं. मला पेन्शन आहे म्हणून हे जमतं. ज्या तरुणांचं पोट याच कामावर आहे त्यांनी पन्नासच घ्यावेत, असं मी म्हणणार नाही. त्यांनी योग्य ते घ्यावेत, फक्त महिन्यातली एक फेरी पेठेतल्या माणसांसाठी स्वस्त ठेवावी. त्यांचाच फायदा होईल. चुका फुकटात दुरुस्त होतील.

घाई मात्र आहे. १८४८ मध्ये फुले दांपत्यानं मुलींची शाळा सुरू केली तो भिडे वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडला गेला. आता तिथं मी रिकाम्या हवेकडे बोट दाखवून बोलते. वाडा पडला तरी त्याचे फोटो, नकाशे, कागद उरतात. आजी गेल्या की चाळण जाते.

पुढची फेरी येत्या रविवारी, सकाळी सात वाजता, कसबा गणपतीपासून. पन्नास रुपये. सुटे आणावेत. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांनाही आणावं. त्यांना पैसे पडत नाहीत, बसायला मी घडीची खुर्ची आणते.