शिवारातली शेगडी

बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपलं गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावर की घाटाखाली? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे सरळ दोन भाग पाडले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. खाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, आणि पूर्णा ओलांडली की सातपुड्याला टेकलेले जळगाव जामोद आणि संग्रामपूर. बुलढाण्याहून राजूर घाट उतरू लागलं की वळणावळणाला हवा जड होत जाते. वर अंगाला झोंबणारा वारा खाली येईतो पडलेला असतो आणि त्याच्या जागी ऊन आलेलं असतं. जीपच्या मागच्या बाजूला दोन भांडी, कणकेचा डबा आणि एक शेगडी टाकून या दोन्ही मुलुखांत पाणंदींनी, गाडवाटांनी, नाल्याकाठांनी हिंडण्याचा मला नाद आहे. हिंडता हिंडता कळत गेलं की प्रवासाची शेगडी दुकानातल्या काउंटरवर ओळखू येत नाही. वर वारा तिची परीक्षा घेतो, खाली ऊन घेतं, आणि दोन्हीकडे भाकरी घेते.

वाऱ्याचं आधी सांगतो. घाटावरचा माळ उघडा. एखादा पळस, बोरीची झुडपं, मुरूम आणि मधून मधून वर आलेला काळा पाषाण. दुपार कलली की वारा सुटतो, आणि त्याला अडवायला मैलभर काही नसतं. अशा ठिकाणी चहा ठेवून ज्योतीकडे नीट बघत बसावं. ती आधी एका अंगाला झुकते. मग पातेल्याच्या बुडाखालून बाहेर सरकते. निळ्या रंगात पिवळी टोकं दिसायला लागतात. पाण्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात आणि तिथेच थांबून राहतात, वर येत नाहीत. गॅस जळत असतो, पण ऊब माळाला मिळत असते. लिटरभर पाण्याला उकळी आणायला आडोशाच्या जागी साधारण पंधरा ग्रॅम गॅस पुरतो. उघड्या वाऱ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट जाळूनही पाणी नुसतं कोमट राहिलेलं मी पाहिलं आहे. माळावर गुरं राखणारे म्हातारे अशा वेळी एवढंच म्हणतात, ‘वारं पडू द्या जरा.’ त्यांचं खरं आहे. पण भूक थांबणारी नसेल तर शेगडीच अशी हवी की तिचा बर्नर खोलगट असेल, भोवती पत्र्याची कड असेल आणि भांडं ज्योतीच्या अगदी जवळ बसेल. ज्योत किती मोठी, याला माळावर फारशी किंमत नाही. ती किती झाकलेली आहे, याला आहे.

आमच्या घरी पंपाचा पितळी स्टोव्ह होता. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला अडकवायचा, तो पेटवून बर्नर तापू द्यायचा, मग पंप मारायचा. आधी फुसफुस, मग एकदम भर्र आवाज. त्या आवाजाने पहाटे जाग यायची, आणि तो थांबला की घर अचानक शांत व्हायचं. या जातीचा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी बनवला. ‘प्रायमस’ हे त्याचं नाव जगभर गेलं. १९११ साली अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हाही त्याच्या सामानात प्रायमस होता. वाऱ्याला इतका खमका स्टोव्ह मी दुसरा पाहिला नाही. पण रेशनचं रॉकेल आटलं, आणि ज्याचं इंधन तालुक्याच्या गावी मिळत नाही ते यंत्र आडवाटेच्या प्रवासाला नेता येत नाही. पेट्रोलवर चालणारे स्टोव्ह मिळतात. मात्र पंपावर बाटलीत सुटं पेट्रोल द्यायला नकार मिळतो, तो योग्यच आहे. आणि जीपच्या टाकीतून नळीने पेट्रोल ओढून त्याच्याच शेजारी जाळ करणं मला कधी पटलं नाही.

मग चूलच का नको, असं कुणीही विचारेल. आपल्याकडे विस्तवाची जुनी रीत आहे आणि ती मला मनापासून प्रिय आहे. पिकं निघाल्यावर रिकाम्या शेतात रोडग्यांचा बेत असतो. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे, गोवऱ्यांचा आर, वर राखेची चादर. रोडगा बाहेर काढून दोन्ही हातांनी झटकायचा, फोडायचा, वाफ निघत असतानाच त्यात तूप सोडायचं. शेजारी वांग्याची भाजी रटरटत असते. हिवाळ्यात आगटीतला हुरडा. ही चव कुठल्याही शेगडीला येणार नाही. पण त्या विस्तवाला धनी असतो. नांगरलेलं शेत, जवळ विहीर, रात्री उठून राख चाळून बघणारा माणूस. आपण जीपने येऊन दोन तास थांबणार आणि निघून जाणार. आपल्या राखेकडे कोण बघणार?

जंगलात तर हा प्रश्नच उरत नाही. बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे दोनशे पाच चौरस किलोमीटरचं. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशेवर किलोमीटर चालून २०१९ च्या अखेरीस याच जंगलात येऊन थांबला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे सागाची पानं गळतात. पायाखाली पडतात तेव्हा पापड मोडल्यासारखी वाजतात. त्या पाचोळ्यात एक निखारा घरंगळला की वणवा. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, उन्हात पानं ओढत, गवत जाळत, मैलोन्‌मैल. ते काम एकदा जवळून बघावं, म्हणजे जंगलात चूल मांडायचा विचार मनात येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवायला किंवा पेटता सोडायला मनाई आहे. तिथे शेगडीही लावू नये. जंगलाच्या अलीकडे, गावाच्या शिवारात, विचारून थांबावं आणि तिथेच जेवण उरकावं. एका वनरक्षकाने मला तपासणी नाक्यावर सांगितलं होतं, ‘भाऊ, आत फक्त पाणी आणि डोळे न्या.’ मी तसंच करत आलो.

राहता राहिला गॅस. त्यात आज बहुतेकांच्या हाती येते ती पेटीतून मिळणारी चपटी शेगडी. तिच्या बाजूच्या खणात ब्यूटेनचा लांबट डबा आडवा बसतो. ती बुटकी आहे, स्थिर आहे, काळ्या जमिनीवर फळी टाकून ठेवली की हलत नाही. चहाला, पोह्यांना उत्तम. पण भाकरीचा तवा तिच्यावर ठेवला की चित्र बदलतं. आपला लोखंडी तवा रुंद. त्याची एक कड डब्याच्या खणावर जाते. भाकरीला तवा कडकडीत तापवावा लागतो, आणि तो ताप खाली परततो, सरळ डब्यावर. डब्यावर छापलेलं असतं की पन्नास अंशांपुढे तापवू नका. पहिली भाकरी भाजून होईतो खणाच्या झाकणाला हात लावून पाहावा. तो चटका पुरेसा बोलका असतो. वारा अडवायला म्हणून शेगडीभोवती चहूबाजूंनी पत्रा लावणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा. ऊब आत कोंडते आणि डबा फुटू शकतो. आडोसा एकाच बाजूने, वाऱ्याच्या अंगाला, आणि डबा त्या आडोशाच्या बाहेर.

परदेशी माहितीत ब्यूटेन थंडीत चालत नाही, याची फार चर्चा असते. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली उकळतं, त्यामुळे बर्फात ते खरंच निकामी. आपल्या पौषातल्या पहाटेला ते मंदावतं, पण विझत नाही. आपली खरी अडचण उलटी आहे. मे महिन्यात घाटाखाली पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तो साठी गाठतो. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली गॅसचा डबा ठेवून देवदर्शनाला जाणारे लोक पाहिले की माझा जीव वरखाली होतो. डबा सावलीत, ओल्या गोणपाटात, आणि थांबल्याबरोबर गाडीबाहेर. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर गाडीच्या तळाशी, नाल्याच्या खोलगटात साठतो. म्हणून शेगडी गाडीत पेटवायची नाही, खड्ड्यात पेटवायची नाही, बंद तंबूत तर नाहीच.

घाटाखाली आणखी एक गोष्ट इंधन खाते, ती म्हणजे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या शिवारांतून जातो. तिथल्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा दाणाच राहतो. वरूनच गोडं पाणी भरून न्यावं आणि डाळ निघण्याआधी भिजत घालावी. गॅस निम्मा वाचतो.

एवढं सगळं पाहिल्यावर माझा कौल स्पष्ट आहे. पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्यासाठी छोटा डबा ठीक. गाडीने हिंडणाऱ्या कुटुंबासाठी मात्र पाच किलोची अधिकृत टाकी, आयएसआय खुणेची नळी, आणि वेगळी ठेवता येईल अशी बुटकी, जड, बिडाची एकच शेगडी. टाकीच्या डोक्यावर बसवायचा बर्नर नको. तो उंच होतो, आणि भाकरी थापून टाकताना हाताच्या एका धक्क्याने कलंडतो. टाकी हातभर नव्हे, नळी पुरेल तितकी लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला. इंडियन ऑइलने २०२० मध्ये याच आकाराच्या टाकीला ‘छोटू’ नाव दिलं. ती ओळखपत्र दाखवून मिळते आणि रिकामी झाली की रीतसर बदलून मिळते. गल्लीत घरच्या सिलेंडरमधून भरून देतात त्या बिनखुणेच्या टाक्या स्वस्त पडतात, पण त्या बेकायदा आहेत, आणि लेकराबाळांच्या शेजारी ठेवायच्या लायकीच्या नाहीत. जोडणी झाली की साबणाचा फेस लावून बघायचा. फेसाला फुगा आला तर ज्योत लावायची नाही, जेवणाचा डबा उघडून सोबतची दशमी-चटणी खायची.

अशा शेगडीवर माळावर भाकरी होते. ज्वारीची, घाटाखाली कुणी दिलं तर कळण्याच्या पिठाची. पाण्याचा हात फिरवलेली बाजू सुकते, कड सुटते, मग तवा उतरवून ती सरळ मंद जाळावर धरली की आधी एका कोपऱ्यात फुगा येतो आणि तो सरकत सरकत सगळी भाकरी उचलतो.

शेगडी घ्यायला जाल तेव्हा घरचा तवा पिशवीत टाकून दुकानात न्या. तो शेगडीवर ठेवा आणि वाकून बघा. गॅसचा डबा किंवा टाकी तव्याच्या कडेखाली येत असेल, तर ती शेगडी कितीही देखणी असली तरी घेऊ नका.