प्रवरेच्या माहेरी

घटस्थापनेच्या आगेमागे आमच्या कालव्याखालच्या भागात शेतकऱ्याच्या हाती दोन दिवस सापडतात. सोयाबीन घरात आलेले असते किंवा यायच्या बेतात असते. कांद्याचे रोप वाफ्यात वाढत असते. कारखान्याचा भोंगा अजून वाजलेला नसतो. हे दोन दिवस बहुतेक घरी कुंपण नीट करण्यात, उधारी मागण्यात आणि बायाबापड्यांचे तर गोधड्या धुण्यातच जातात. शहरातली नोकरदार मंडळी मात्र याच दिवसांत मोटारी भरभरून डोंगराकडे धावतात. आपण शेतकरी घराबाहेर पडतो ते लग्नाला, मयतीला, नाही तर देवाला.

म्हणून यंदा आश्विनात एखादा मुक्काम प्रवरेच्या माहेरी करावा, असे सुचवावेसे वाटते. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यातील कितीतरी घरांचे अन्न या नदीवर शिजते. लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले तेही याच पाण्याच्या आधाराने. ज्या पाण्याची पाळी चुकली की आपण रात्रभर बांधावर बॅटरी घेऊन उभे राहतो, ते येते कोठून हे पाहिलेली माणसे मात्र आपल्यात थोडी. बायकांत तर त्याहून थोडी.

जाणे अवघड नाही. संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर, राजूरहून शेंडी असा एस. टी.चा रस्ता आहे. शेंडी म्हणजेच भंडारदऱ्याच्या धरणाचे गाव. नाशिककडच्या मंडळींना घोटीवरून बारीमार्गे येता येते. २०२३ सालापासून एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा खर्चाची सबब आता फारशी चालायची नाही. खरी अडचण गाईंच्या धारांची. ती शेजाऱ्याशी सावड करूनच सुटते. या आठवड्यात त्यांनी आपल्या धारा काढाव्या, पुढच्या आठवड्यात आपण त्यांच्या. पेरणीला चालते ती रीत सहलीला का चालू नये?

अकोले सोडले की जमिनीचा रंग बदलू लागतो. काळी जाऊन तांबूस येते, ऊस मागे पडतो आणि भाताची खाचरे दिसू लागतात. राजूरच्या पुढे हवाही बदलते. खाली दुपारी अंगाची काहिली होत असते आणि इथे संध्याकाळी खांद्यावर शाल घ्यावी लागते. आश्विनात हळवे भात पिवळे पडू लागलेले असते, गरवे नुकते निसवलेले असते. वाऱ्याने खाचर हलले की दुधाळ दाण्याचा गोडसर वास येतो. उतारावर नागली आणि वरई. नवरात्राच्या उपासाला आपण दुकानातून पुडी आणतो ती भगर म्हणजे हीच वरई. नऊ दिवस खाऊनसुद्धा तिचे उभे पीक कधी न पाहिलेली माणसे आपल्या गावोगाव आहेत.

डोंगर या दिवसांत पिवळा असतो. त्यात दोन पिवळे रंग ओळखावे. कड्याच्या कुशीला आणि पठारावर आपोआप उगवते ती सोनकी. भाद्रपद-आश्विनातले काही आठवडे ती फुलते आणि मग गवताबरोबर वाळून जाते. दुसरा पिवळा रंग माणसाने पेरलेला, खुरासणीचा. तिच्या बियांचे तेल निघते. फुलावर आलेल्या शेताशी पाच मिनिटे शांत उभे राहिले तर मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. अलीकडे फोटोच्या हौसेपायी माणसे या फुलांत लोळतात, भाताच्या बांधावर गाडी घालतात. शेतकऱ्याच्या पोराने तरी हे करू नये. आपल्या हरभऱ्यात कोणी लोळले तर आपण त्याला काय म्हणू?

शेंडीला धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणून त्याला विल्सन धरण म्हणतात. घडीव दगडांची २७० फूट उंचीची ही भिंत ट्रॅक्टर आणि पोकलेनच्या आधीच्या काळात उभी राहिली. ती बांधणाऱ्या हातांची नावे कोठे कोरलेली नाहीत. आत सुमारे अकरा टी.एम.सी. पाणी मावते. आश्विनात धरण बहुधा भरलेले असते. भिंतीच्या पायथ्याशी पाणी सोडलेले असले तर ते एका मोठ्या गोल खडकावरून छत्रीसारखे पसरून पडते. शेंडीच्या खाली रंधा धबधबा आहे, सुमारे १७० फुटांचा. शेजारी घोरपडादेवीचे देऊळ आहे. धारेला मात्र कठड्याच्या अलीकडूनच हात जोडावे, कारण शेवाळलेला खडक कोणाची भीड धरत नाही.

जलाशयाच्या काठाने रस्ता जातो तो रतनवाडीला. रतनगडाच्या कुशीतच प्रवरेचा उगम. तिथे अमृतेश्वराचे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे शिलाहारकालीन देऊळ आहे आणि जवळच दगडी पुष्करणी. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी येते आणि पिंडी बुडून जाते. देवळाचा एकही चिरा मोकळा नाही, सगळीकडे कोरीव काम. लहान मुलांना घेऊन गेलात तर खांबांवरची चित्रे मोजायला सांगा, तासभर तुम्हाला उसंत मिळेल.

रतनवाडी-घाटघर भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. राहात्याकडे पडतो त्याच्या दहा पट म्हणा ना. पण ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो त्यांच्याच वाड्यांना चैत्र-वैशाखात प्यायला पाणी पुरत नाही. कातळावरून पाणी वाहून जाते आणि झरे आटतात. रतनवाडीला देवळाच्या ओट्यावर एक आजी भेटल्या. आम्ही खालून, कालव्याकडून आलो असे सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हंजे आमचंच पानी पिता की तुमी. आमी पावसाळ्यात घोंगडं पांघरून भात लावायचा, अन् चैतात डोईवर हंडा घेऊन झरा हुडकायचा." आवाजात तक्रार नव्हती. पण आमच्यातल्या कोणाला लगेच काही बोलता आले नाही. जलाशयाच्या तळाशी या भागातली शेते गेली, त्यावर आमचा ऊस उभा आहे. खाली निळवंडे धरण झाले, २०२३च्या ऑक्टोबरात त्याच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले, तेव्हाही वरच्या कोणाची तरी जमीन आधी पाण्यात गेली होती. पाण्याच्या आवर्तनावरून भांडताना हे आठवत नाही. तिथे उभे राहिले की आठवते.

अंगात दम असेल त्यांनी बारीहून कळसूबाई चढावी. ५,४०० फुटांचे हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. नवरात्रात वर देवीची यात्रा भरते. नऊवारीतल्या, अनवाणी बाया लहान पोर कडेवर घेऊन लोखंडी शिड्या चढतात आणि बुटांतली शहरी मंडळी वाटेत धापा टाकत बसलेली असतात. कळसूची कथा तिथली माणसे अशी सांगतात: ती एका कोळ्याकडे कामाला राहिली, ती झाडलोट करणार नाही आणि भांडी घासणार नाही या बोलीवर. एक दिवस घरच्यांनी तिला तेच काम सांगितले. तिने भांडी घासली आणि डोंगर गाठला, ती परत आलीच नाही. जिथे थाळे घासले ती जागा थाळेमेळ. आमच्या घरच्या बायकांनी ही कथा दोनदा सांगायला लावली, आणि दोन्ही वेळा पुरुष मंडळी डोंगराकडे बघत होती. पहाटे निघावे, चार तास धरून चालावे, ढग दिसले तर शिड्यांवर घाई करू नये. वरून धरणाचे पाणी, अलंग-मदन-कुलंगची रांग आणि दूर हरिश्चंद्रगड दिसतो.

मुक्काम शेंडीत किंवा गावातल्या एखाद्या घरी करावा. आता अनेक घरांतून जेवणाची सोय होते. नागलीची भाकरी, आमटी आणि नव्या जिरवेलाचा भात निघाला असेल तर भाग्य. त्याच्या वासाने भाजीची आठवण राहत नाही. पैसे देताना घासाघीस करू नये. गोठ्यात डोकावून यावे. इथली डांगी गाय ठिपक्यांची, कातडी तेलकट, म्हणून मुसळधार पावसात उभी राहूनही तिला फारसे बाधत नाही. आपल्या संकरित गाईला इथला एक श्रावण पेलवायचा नाही.

परतताना राजूरला पेढे घ्यावेतच. आणि वेळ असेल तर वाट वाकडी करून, आधी विचारून, कोंभाळण्यास जावे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंनी भाताचे, वालाचे, घेवड्याचे किती वाण मडक्यांत आणि गाडग्यांत राखले आहेत ते आपल्या घरातल्या बायकांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. पुरुषांना बियाण्याच्या पिशवीवरचे नाव पाठ असते. वालाच्या कोणत्या शेंगेची भाजी लवकर शिजते आणि कोणत्या बियाला कीड लागत नाही, हे बायकाच बायकांना विचारतात. मिळालेच चिमूटभर बी, तर पदराच्या गाठीत बांधून आणावे. पुढच्या मृगाला कुंपणाशी दोन वेल चढवण्याएवढा पाऊस आपल्याकडेही पडतो.