पुस्तकाची छायाप्रत

दौंडमध्ये पालक मला विचारतात, "फादर, पुस्तकाच्या छायाप्रती मुलांना वाटणे ही चोरी आहे काय?" उत्तर एका शब्दात देता येत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५२ वे कलम अध्यापनाच्या ओघात नक्कल करण्याची मुभा शिक्षकाला व विद्यार्थ्याला देते. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती मान्यही केली. साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले. ६० वर्षे उलटल्याने 'श्यामची आई' आता सर्वांची आहे. परंतु हयात लेखकाचे अख्खे पुस्तक व्हॉट्सॲपवरून गावभर पाठविणे म्हणजे अध्यापन नव्हे. गरीब मुलाची अडचण खरी आहे. मात्र तिचा भार लेखकाच्या माथी कशाला? धर्मग्रामानेच ग्रंथालयासाठी चार प्रती विकत घ्याव्यात.