उसना अंगठा

आपल्या भाषेने अंगठ्याला कधी न्याय दिलेला नाही. ज्याला अक्षर येत नाही तो अंगठाबहाद्दर. आणि मागितलेली वस्तू द्यायची नसली की दाखवायचा तोही अंगठाच. फार काय, अंगठी हा दागिनासुद्धा नाव अंगठ्याचे घेतो आणि जाऊन बसतो अनामिकेवर! एकलव्याने कापून दिला तेव्हा एकदा काय ती अंगठ्याची किंमत जगाला कळली. मला ती कळायला वयाची सदुसष्ट वर्षे लागली, आणि कळली तीही टेक्सासमधल्या एका तलावाच्या काठी, मासे धरण्याच्या नादात.

माझी मुलगी डॅलसजवळ राहते. वर्षातले चार-पाच महिने आम्ही उभयता तिच्याकडे असतो. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईबापांचे दिवस कसे जातात हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आई स्वयंपाकघराचा ताबा घेते आणि बाप खिडकीशी बसतो. मीही बसत असे. शेजारच्या अंगणात एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ रोज संध्याकाळी गवतावर एक रिकामी बादली ठेवीत, तिच्यापासून तीसेक पावले मागे येत आणि हातातल्या काठीने तिच्यात काहीतरी भिरकावीत. दहांतून आठ वेळा बादली 'टण्ण' वाजे. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. कुंपणाशी जाऊन पाहिले तर काठीवर एक छोटे चाक, चाकावर दोर, आणि दोराच्या टोकाला गरी नसलेले नुसते शिशाचे वजन. म्हातारबुवा आपला नेम घटवीत होते. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचे नाव गळबुवा पडले.

आमचे मूळ गाव कोकणातले, त्यामुळे माशाचे प्रेम रक्तात आहे. पण ते ताटापुरते. गळ टाकून बसणे हे आमच्याकडे रिकामटेकड्याचे लक्षण. गळबुवांच्या मासेमारीत मात्र बसणे नव्हतेच. त्यांचा मासा म्हणजे बास, त्यातही मोठ्या तोंडाचा. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत गेलेला असतो, म्हणून तोंड मिटले तरी तो कुणावर तरी रागावल्यासारखा दिसतो. तो पाण्यातल्या बुडालेल्या झाडाझुडपांत दबा धरून असतो. त्याच्या नाकासमोर, वीतभर इकडे ना तिकडे, आमिष नेऊन टाकावे लागते. आणि एवढे करून धरलेला मासा बहुतेक वेळा परत सोडून द्यायचा! हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. "मग धरतात कशाला?" हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

वीतभर इकडे ना तिकडे, यातच सगळी मेख आहे. साध्या गळाच्या चाकात दोर फेकताना रीळ स्थिर राहते आणि दोर त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. लहान मुलालाही ते जमते. गळबुवांच्या हातातल्या प्रकाराला बेटकास्टिंग म्हणतात. त्यात रीळ काठीला आडवे बसवलेले असते आणि फेकीबरोबर ते स्वतःच गरगर फिरते. ज्यांनी संक्रांतीला कुणाची फिरकी धरली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पतंग ओढ घेत असतो तोवर फिरकीतून मांजा सरळ सुटतो. ओढ थांबली आणि फिरकी थांबली नाही की संपला कारभार. इथेही तेच. आमिष हवेत मंदावते, पण रीळ आपल्या वेगात फिरतच राहते आणि क्षणात दोराचे असे घरटे होते की कात्रीशिवाय सुटका नाही. आमच्या जावयाने पहिल्या दिवशी अशी सात घरटी बांधली. ते रोखायचे काम अंगठ्याचे. फिरत्या रिळावर अंगठा इतका हलका ठेवायचा की ते थांबू नये आणि इतका भारी की ते उधळू नये, आणि आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी पुरता दाबायचा.

माझे वडील घड्याळे दुरुस्त करीत. गिरगावात एका जिन्याखाली त्यांचे टेबल होते. घड्याळ उघडण्याआधी ते कानाशी धरीत आणि नुसत्या आवाजावरून आजार सांगत. त्यामुळे असले चाक हातात आले की माझा जीव सुखावतो. पुढे गळबुवांनीच सांगितले की हे चाक अमेरिकेत नावारूपाला आणले तेही घड्याळजींनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर म्हणून एक घड्याळे करणारा होता. त्याने दातेरी चक्रे अशी जुळवली की मूठ एकदा फिरवली की रीळ कितीतरी वेढे फिरावे. गळबुवांकडे एक लालभडक गोल चाक होते, स्वीडनच्या आबू कंपनीचे 'अँबॅसडर'. ती कंपनीही १९२१ साली घड्याळांचा कारखाना म्हणूनच सुरू झालेली! १९६३ साली पहिल्या पगारातून गळबुवांनी ते घेतले होते. मी ते कानाशी धरून फिरवले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटते आमची मैत्री त्या दिवशी पक्की झाली.

यंदा आम्ही गेलो तेव्हा बादली वाजत नव्हती.

गळबुवांना मधुमेह जुना. आधी पायाची बोटे बधिर झाली होती, आता ते हातांपर्यंत आले होते. गरम कप हातात धरला तरी चटका कळत नसे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली, मुले दूरच्या राज्यांत. घर विकून ते एका वृद्धनिवासातल्या खोलीत जाणार होते. त्या खोलीत भिंतीतले एक अरुंद कपाट. गॅरेजमध्ये चौदा गळ ओळीने टांगलेले होते. त्यांतले अकरा त्यांनी डोळे मिटून विक्रीला काढले. उरलेल्या तिघांत त्यांचे पाऊल अडले.

"एकच नेता येईल," ते म्हणाले. "आणि कुठला चांगला हे आता माझी बोटं सांगत नाहीत. तुमची एक दिवस उसनी द्या."

तेव्हा मी एका दिवसाचा परवाना काढला आणि आम्ही पूर्वेला दीड तासावर असलेल्या लेक फोर्कला गेलो. सबाइन नदीच्या एका उपनदीवर धरण बांधून १९८० च्या सुमारास हा तलाव झाला. पाणी चढले तेव्हा बरीच झाडे न तोडता तशीच ठेवली. त्यांचे वाळके शेंडे अजून पाण्यावर उभे आहेत. बासची ती चाळच म्हणा ना! टेक्सासचा विक्रमी बास, अठरा पौंडांहून थोडा जास्त, १९९२ साली इथेच निघाला. १६ ते २४ इंचांमधला मासा इथे सोडून द्यावाच लागतो, असा कायदा आहे. (ही बातमी मी घरी सांगितली नाही.)

लाकडी धक्क्यावर मी आधी लाल चाक घेतले. त्याची काठी काचतंतूंची, आखूड, जेमतेम साडेपाच फुटी, आणि मूठ पिस्तुलासारखी. चाक जड आणि उंच. तळव्यात मावत नाही, मुठीवर उभे राहते. फेकताना मात्र काय सुरेख आवाज! रीळ एखाद्या समंजस भोवऱ्यासारखे फिरते, कारण त्याच्या आत छोटे ठोकळे असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकून घासतात आणि रिळाला आवरतात. पण आमिष तळाशी गेले की ही काठी मुकी. खाली दगड आहे की चिखल, काही सांगत नाही. जुन्या पिढीतल्या वडिलांसारखी. भार घेईल, बोलणार नाही.

दुसरी काठी ग्रॅफाइटची, सात फुटी, बुंध्याशी ताठ आणि फक्त शेंड्याला वाकणारी. तिच्यावरचे चाक चपटे, बसक्या बांध्याचे. मुठीसकट तळव्यात असे बसते की ते चाक आहे हेच विसरायला होते. मूठ एकदा फिरवली की रीळ सातहून अधिक वेढे फिरते. दोर पारदर्शक, आमच्या तंगुसाच्या जातीचा पण जड, पाण्यात बुडणारा. हिचे काय वर्णन करावे! आमिष तळावरून ओढत आणले तर दगड 'टकटक' लागतो, लाकूड 'ढब' लागते, चिखलात काहीच लागत नाही आणि ते काहीच न लागणेही कळते. डोळे मिटून तलावाचा तळ वाचावा, तसे. मग एकदा 'टिक्' झाले. नाडीचा एखादा ठोका चुकावा एवढेच. "मासा," मी म्हणालो, तोवर तो आमिष थुंकून गेलाही. प्लॅस्टिकचा किडा किंवा जिग वापरताना त्या एका टिकीवर हिसका द्यावा लागतो. शिकाऱ्यांना विचाराल तर दहांतले नऊजण हीच काठी उचलतील, आणि ते बरोबरच आहे.

तिसरी काठी पुन्हा काचतंतूंची, पण सात फुटी आणि कमरेपासून वाकणारी. चाक चपटेच, पण संथ; एका फेऱ्याला पाचच वेढे. त्याच्या बाजूला एक खटका असतो. आत लोहचुंबक आहेत. खटका वाढवला की ते रिळाला न शिवताच रोखून धरतात. दोराला क्रँकबेट लावलेले, म्हणजे पुढे जीभ असलेला लाकडी मासा. ओढला की तो पाण्यात बुडून सारखा डुलत येतो. काठी लवचीक ठेवण्यात युक्ती आहे. या आमिषाला तीन-तीन टोकांच्या गऱ्या असतात. ताठ काठीने हिसका दिला तर त्या माशाच्या तोंडातून फाटून निघतात. ही काठी देतच राहते, आणि मासा बहुधा आपणहून अडकतो. तळाची बारीकसारीक खबर हिच्यातून येत नाही. येते ते आमिषाचे डुलणे: धब धब धब, मोठ्या संथ लयीत. ते मला बोटांत जाणवेना. जाणवले ते मनगटात, आणि त्याहून वर, कोपराशी.

तिथे मी थांबलो. ग्रॅफाइटच्या काठीचे सगळे बोलणे बोटांच्या टोकांशी होते, आणि गळबुवांची तीच टोके गेलेली. त्यांच्या हातात ती जगातली सर्वांत मुकी काठी ठरणार होती. मी तिसरी त्यांच्याकडे दिली आणि म्हणालो, "बोटांनी नका शोधू. कोपराने पाहा."

फेकायचा प्रश्न होताच, कारण अंगठाही बधिर. चुंबकाचा खटका आम्ही जवळजवळ शेवटापर्यंत नेला. त्यामुळे फेक लांब जाईना, पण रीळही उधळेना. दोन-चार फेकींनंतर माझ्या लक्षात आले की गळबुवा पाण्याकडे पाहतच नाहीत. मान किंचित कलती करून ते रिळाचा आवाज ऐकताहेत. सूर उतरायला लागला की त्यांचा अंगठा खाली येई. मला जिन्याखालचे टेबल आठवले. मी काही बोललो नाही.

"येतंय," थोड्या वेळाने ते म्हणाले. "कोपरात येतंय." मग मूठ फिरवता फिरवता त्यांचा चेहरा बदलला. "थांबलं."

डुलणे थांबले की एकतर काडी अडकलेली असते, नाहीतर मासा. काठी पार कमरेपर्यंत वाकली. तीन मिनिटांत दोनेक पौंडांचा बास धक्क्याशी आला, एकदा पाण्याबाहेर उडाला, आणि मग शरण आला. बासला धरायची रीत अशी की अंगठा त्याच्या तोंडात घालून खालचा ओठ चिमटीत पकडायचा. त्याला दात असतात ते कानशीसारखे, बारीक. हंगामात या लोकांचे अंगठे सोलून खरखरीत झालेले असतात, आणि ते मोठ्या अभिमानाने एकमेकांना दाखवतात. गळबुवा वाकले, मग थांबले आणि मला म्हणाले, "तुम्ही धरा."

मी अंगठा घातला.

"खरखर लागते का?"

"चांगलीच लागते."

"हं," ते म्हणाले, आणि क्षणभराने, "सोडा आता त्याला."

पुढच्या शनिवारी त्यांच्या अंगणात विक्री झाली. ग्रॅफाइटची काठी एका कॉलेजातल्या पोराने नेली. घासाघीस न करता, म्हणजे त्याला पारख होती. लाल चाकावर साठ डॉलरची चिठ्ठी होती. ते मी घेतले. गळबुवांनी एक डॉलरही कमी केला नाही, उलट वर्षातून दोनदा तेलाचा एकेक थेंब कुठे कुठे द्यायचा ते मला तीनदा म्हणून दाखवायला लावले. वृद्धनिवासामागे एक लहान तळे आहे, आणि त्यात बास आहेत असे तिथल्या माळ्याने त्यांना सांगितले आहे.

चाक घरी आणले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी ते उलटेसुलटे करून पाहिले. साठ डॉलरचे रुपये किती होतात याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असावा.

"रीळ आहे ना हे?" त्या म्हणाल्या. "मग याच्यावर मशीनचा दोरा तरी राहील का?"