मान जुळत नाही

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला काही वाक्यं आयुष्यात हजारो वेळा उच्चारावी लागतात. 'सुट्टे आहेत का?' हे पहिलं, 'सिस्टीम बंद आहे' हे दुसरं आणि 'सही जुळत नाही' हे तिसरं. पहिल्या दोन वाक्यांनी गिऱ्हाईक नुसतं वैतागतं. तिसऱ्याने मात्र दुखावतं. "अहो बाई, मी जिवंत तुमच्यासमोर उभा आहे आणि मी मी नाही म्हणता?" असं म्हणून गेल्याच महिन्यात एका निवृत्त हेडमास्तरांनी काउंटरपलीकडून माझ्याकडे असं काही पाहिलं की, बाराचा पाढा न येणाऱ्या मुलीसारखी मी बाकाखाली जागा शोधू लागले.

बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, सगळ्याच सह्या म्हातारपणामुळे बिघडत नाहीत. पुष्कळशा बिघडतात त्या सुबक काढायला गेल्यामुळे. हेडमास्तरांनाही मी तेच सांगितलं, "सर, छान काढू नका. नेहमीसारखी करा." दुसऱ्या खेपेला जुळली.

हे ज्ञान मला बी. कॉम.च्या अभ्यासक्रमाने दिलेलं नाही. ते मला मिळालं साताऱ्यातल्या एका लग्नाच्या मांडवात, १९९६ च्या मे महिन्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी.

मी सावळी. आमच्या आत्याच्या भाषेत, 'नाकीडोळी नीटस आहे हो, पण...' या 'पण'नंतर आत्या काही बोलत नसे. वाक्य तिथेच सोडून ती सुपारी कातरू लागे. 'पण' हे उभयान्वयी अव्यय असून ते दोन वाक्यं जोडतं, असं आम्हाला व्याकरणात शिकवलं होतं. आत्याचं 'पण' पुढे वाक्य नसतानाही आपलं काम चोख करी.

त्यातच १९९४ साल उजाडलं. मे महिन्यात सुष्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली, नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. देशाला एका वर्षात दोन मुकुट मिळाले आणि आमच्या आळीला एक ब्यूटी पार्लर मिळालं. शेजारच्या काकूंच्या पुढच्या खोलीवर 'पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी होती. तिच्याखाली खडूने 'आयब्रो, ब्लीच' अशी भर पडली. पिकोला दोरा लागतो, आयब्रोलाही दोराच लागतो, एवढ्या भांडवलावर काकू या धंद्यात उतरल्या होत्या.

दहावीची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीत बसले. डावी भुवई जरा जाड राहिली म्हणून काकूंनी ती कोरली. मग उजवी जाड दिसू लागली म्हणून ती कोरली. नवखा कॅशियर संध्याकाळी दोन रुपयांचा फरक शोधता शोधता पाच रुपयांचा करून ठेवतो, तसं ते चाललं होतं. शेवटी कपाळाखाली दोन स्वल्पविराम उरले, तेव्हा हिशोब जुळल्याचं जाहीर झालं. पुढे आठवडाभर बाबा मला विचारत होते, "काय गं, एवढं आश्चर्य कशाचं वाटलं तुला?"

नंतर ब्लीच. ब्लीचने केसांचा रंग जातो, केस जात नाहीत, हा बारकावा माझ्या लक्षात आला नव्हता. ओठांवरची जी लव आजवर सावळ्या रंगात गुपचूप दडून बसली होती, ती एका दुपारीत सोनेरी होऊन चारचौघांत आली. "आई, ताईची मिशी पिकली!" अशी धाकट्या भावाने दवंडी पिटली.

तिसरा उपाय मात्र मी गुप्त ठेवला होता. खाऊच्या पैशांतून गोरेपणाची एक ट्यूब आणली आणि ती भूमितीच्या पुस्तकामागे लपवली. आमच्या घरात त्या पुस्तकाला आपणहून कुणी हात लावणार नाही, अशी माझी खात्री होती. खोक्यावरच्या मुलीचा चेहरा टप्प्याटप्प्याने उजळत गेला होता. माझ्या बाबतीत टप्प्याटप्प्याने फक्त ट्यूब चपटी होत गेली, आणि तीही माझ्या हिशोबापेक्षा लवकर. मी भावावर संशय घेतला. पण त्याचा चेहरा पाहता पुरावा टिकण्यासारखा नव्हता.

अशा तयारीनिशी मी मावसबहिणीच्या लग्नाला निघाले. शेवटचा हात म्हणून मोती चौकातून फाउंडेशनची बाटली घेतली. दुकानदार बांगड्या, रिबिनी आणि फाउंडेशन एकाच गल्ल्यावर विकत होता. त्याच्याकडे रंग दोनच, 'गोरा' आणि 'जास्त गोरा'. मी काटकसरी घरातली मुलगी. त्याच पैशांत जास्त मिळतंय म्हटल्यावर 'जास्त' घेतला.

तो मी कपाळापासून हनुवटीपर्यंत थापला. मानेवर थांबले, कारण बाटली लहान होती.

त्या वेळच्या लग्नांत व्हिडिओवाला असे आणि त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा धरून एक पोऱ्या असे. बाहेर साताऱ्याचा मे महिना, आत तो दिवा. तासाभरात माझा जास्त गोरा रंग कानामागून ओघळू लागला. असल्या लेपांत झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइड असतं, भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच टायटॅनियम असतं आणि फ्लॅश पडला की ते सगळा उजेड समोरच्याच्या तोंडावर परत फेकतं, ही माहिती मला फार पुढे मिळाली. अल्बममध्ये मात्र ती त्याच दिवशी नोंदली गेली. एका फोटोत तर नवरीपेक्षा माझाच चेहरा आधी दिसतो. मान अंधारात आहे, चेहरा एकटाच तरंगतो आहे.

"ताई, तुझी मान वेगळ्या रंगाची का?" पाच वर्षांच्या मामेभावाने पंगतीत, वरण वाढलं जात असताना, खणखणीत आवाजात विचारलं. पंगत हसली. मीही हसले. त्याने गालाला चिरा गेल्या.

पण खरा घाव नंतरच होता. हात धुवायला उठले तर समोर आत्या. तिने मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाली, "आज कशी छान दिसतेस!" एवढंच. 'पण' नाही, सुपारी नाही, वाक्य पूर्ण. सोळा वर्षं ज्या पूर्णविरामाची वाट पाहिली तो मिळाला, आणि मला रडूच फुटलं. आत्या जिला छान म्हणत होती ती पोरगी माझ्या ओळखीची नव्हती.

रात्री कार्यालयाच्या मागच्या नळावर मी तोंड खरवडत बसले होते. आई खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आली. काही न बोलता तिने तेल लावून पुसायला सुरुवात केली. आई माझ्याहून दोन छटा सावळी. पुसता पुसता म्हणाली, "ती ट्यूब संपली का गं? मी आठवड्यातून दोनदाच घेत होते."

आई तेव्हा चाळिशीची. लग्नाला अठरा वर्षं झालेली, पदरी दोन मुलं, आणि बाबांनी कधी तिच्या रंगाबद्दल अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. कुणाच्या 'पण'साठी ती भूमितीच्या पुस्तकामागे हात घालत होती, हे मी विचारलं नाही. आत्या तिचीही नणंद होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा आज मी मोठी आहे. आता विचारायची गरज उरलेली नाही.

काळ बदलला. २०२० साली एका जुन्या, प्रसिद्ध क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' हा शब्द काढून टाकला. बँकेच्या भाषेत बोलायचं तर नाव बदललं. खातं बदललं की नाही ते ज्याने त्याने आपापल्या आरशात पाहावं. दुकानांत आता रंगाला नंबर असतात आणि माझ्यासारखीच्या रंगालाही नंबर मिळतो.

परवा भाच्याच्या मुंजीला निघताना माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने मला खुर्चीत बसवलं. मी सवयीने हात पुढे केला, तर म्हणाली, "मनगटावर नाही गं बघायचं, जबड्यापाशी बघायचं. मान वर कर." मी मान वर केली. तिने तीन बोटं ओढली, उजेडाकडे वळवून पाहिलं.

"जुळलं?" मी विचारलं.

"जुळलं. कळतच नाही लावलंय ते."

"पास," मी म्हटलं.

आई हल्ली माझ्याकडेच असते. सत्तरीला टेकली आहे. कोचावर वर्तमानपत्र धरून बसली होती. आम्हाला वाटलं, वाचते आहे. वर्तमानपत्र खाली न घेताच ती नातीला म्हणाली, "कुठे ठेवतेस गं ते? तेवढं सांगून ठेव."