खालाचा कागद

माझी एक जुनी विद्यार्थिनी बी.यू.एम.एस. होऊन आली आणि तिने वसमतला युनानी दवाखाना टाकला. एका रविवारी तिचा फोन आला. "सर, एक फॉर्म बनवून द्या. मराठीत पण आणि उर्दूत पण. तुमच्याइतकं दोन्ही कोणाला येतं?"

मास्तरला असं काम म्हणजे ईदी. मी लगेच हो म्हणालो. पण हो म्हणण्यामागे दुसरंही एक कारण होतं, ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या खालाला हिजामा करायला एका ठिकाणी घेऊन गेलो होतो. खांदा दुखायचा तिचा, आणि हिजामा म्हणजे सुन्नत, त्यातून नुकसान काय होणार, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. घरातल्याच एका खोलीत तो माणूस कप लावायचा. नाव विचारलं, पैसे विचारले, बस. खालाच्या हृदयात आधीच स्टेंट बसलेला होता आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. त्याने विचारलं नाही, खाला बोलली नाही. आणि मी? मी बी.एड. झालेला, रोज पोरांना "प्रश्न नीट वाचा" म्हणणारा, बाजूला बसून मोबाइल बघत होतो. पाठीवरच्या चिरांतलं रक्त थांबेना. शेवटी रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. खाला वाचली. एका प्रश्नाचं काम होतं, 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' तो कोणीच विचारला नाही.

तर फॉर्मकडे वळू. तिने नमुना म्हणून इंटरनेटवरून काढलेला चार पानी कागद पाठवला, परदेशातल्या कुठल्याशा थेरपी सेंटरचा. त्यात प्रश्न होता : आपल्या ताणाची पातळी एक ते दहामध्ये सांगा. मी घरी बायकोवर प्रयोग केला. ती म्हणाली, "टेन्शन का नंबर कैसा देते जी? दस में से ग्यारा लिखो."

मग मी त्या मुलीलाच विचारलं, तुमच्या तिब्बमध्ये काय विचारतात? तिने सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. मिजाज, म्हणजे माणसाची प्रकृती, ओळखायला युनानीत दहा खुणा ठरलेल्या आहेत. 'अजनास-ए-अशरा' म्हणतात त्यांना. त्वचेचा स्पर्श, मांस आणि चरबी, केस, रंग, अंगकाठी, झोप आणि जाग, अगदी राग किती लवकर येतो इथपर्यंत. त्याशिवाय 'असबाब-ए-सित्ता जरूरिया', तब्येत ज्यांवर टिकते अशा सहा गोष्टी : हवा, खाणंपिणं, शरीराची हालचाल आणि आराम, मनाची हालचाल आणि आराम, झोप-जाग, आणि शरीरातून काय बाहेर पडतं, काय अडून राहतं. हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाने 'अल-कानून'मध्ये मिजाज आणि या कारणांची चर्चा केलेली आहे. फॉर्म तयारच होता हो, आपल्या बोलीत आणायचा तेवढा बाकी होता.

उर्दू मसुदा मी मोठ्या प्रेमाने केला. सुंदर नस्तालीक लिपीत छापला. आठ दिवसांनी तिचा फोन. "सर, उर्दूवाला गठ्ठा तसाच पडून आहे." घरी आमच्या बायका उर्दूच बोलतात, दखनी वळणाची, पण ज्या मराठी शाळेत शिकल्या त्यांना लिपी येत नाही. कुरआन अरबीतून वाचणाऱ्या कितीतरी जणी उर्दू वाचताना अडखळतात. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, तेव्हा कचेरीची भाषाच उर्दू होती. त्यांना हा कागद घडाघडा वाचता आला असता. उर्दूचा मास्तर म्हणून मला ते लागलं, खोटं कशाला बोलू.

पण खरी अडचण लिपीची नव्हतीच. फॉर्म हातात दिला की माणसं गप्प व्हायची. एक चाची सरळ म्हणाली, "कागज कायकू? नाम-पता कायकू?" २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा नवा कायदा झाला, तेव्हा आमच्याकडे घराघरात ट्रंका उघडल्या गेल्या होत्या. आजोबांचा दाखला शोध, नावातली वेलांटी बघ. त्या थंडीत बसलेली भीती अजून कागदाच्या वासाने जागी होते. ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल, पेशंट अडाणी आहेत.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. आधार नंबर, धर्म, जात हे रकाने काढून टाकले. खांद्याच्या दुखण्याला त्यांची गरज नाही. आणि कागद पेशंटच्या हातात देणंच बंद केलं. डॉक्टर विचारणार, पेशंट बोलणार, डॉक्टर लिहिणार. सुरुवातीलाच सांगायचं, हा कागद इथून बाहेर जाणार नाही, तुम्हाला बघायचा असेल तेव्हा बघा.

होमिओपॅथीच्या हानेमानने 'ऑर्गेनॉन'मध्ये (पहिली आवृत्ती १८१०) डॉक्टरांना बजावलंय की पेशंटला मध्ये तोडू नका आणि ज्याचं उत्तर नुसतं हो-नाही येईल असा प्रश्न करू नका. त्याच्या औषधांबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण ही गोष्ट बी.एड.ला शिकवायला हवी होती. आम्ही 'व्यवसाय' विचारायचो तर उत्तर यायचं 'घरकाम'. मग प्रश्न बदलला : सकाळी उठल्यापासून काय काय करता? तेव्हा एका बाईने सांगितलं की हळदीच्या हंगामात ती रोजाने जाते, पॉलिशच्या मशीनपाशी बसते, नाकातोंडात पिवळी धूळ. तिचा खोकला 'बलगमी मिजाज' म्हणून लिहिला गेला होता. तिला आधी तोंडाला फडकं बांधायला सांगावं लागलं आणि छातीचा फोटो काढायला पाठवावं लागलं.

गोळ्यांचा प्रश्नही 'गोळ्या चालू आहेत का' असा ठेवला नाही. 'घरातल्या गोळ्यांची पिशवी घेऊन या' असा ठेवला. पिशवीत रक्त पातळ करायची गोळी निघाली की ती मुलगी हिजामा करत नाही. पैसे जातात. सुरुवातीला दिवसाकाठी चार-पाचच पेशंट असताना फी परत पाठवणं सोपं नाही, घरचे तिला बोललेही. पण परत पाठवलेल्या एका मामूंनीच पुढच्या आठवड्यात आपल्या सुनेला आणलं. दुसऱ्या खेपेला पेशंट बसायच्या आत तिने कागद वाचलेला असतो. "आपा, झोपेचं काय झालं?" एवढं विचारलं की माणूस विरघळतो. तिचा दवाखाना आज बऱ्यापैकी चालतो, बाहेरचा बोर्ड अजून तोच, कपड्यावर रंगवलेला.

कागदाच्या शेवटी मी तीन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. खरं दुखणं माणूस चप्पल घालताना सांगतो, ते लिहायला.

मागच्या महिन्यात खालाला तिथे नेलं. तयार नव्हती, पण आली. गोळ्यांची पिशवी मी स्वतः धरली होती. आत गेल्यावर माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही बाहेर बसा."

मी म्हणालो, "अगं, फॉर्म मीच बनवलाय."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि पडदा ओढला.

अर्धा तास मी बाकावर बसून होतो. आतून खालाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एवढं सलग बोलताना मी तिला खालूजान गेल्यापासून ऐकलं नव्हतं. हिजामा केला नाही, तेल लिहून दिलं, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. परत येताना रिक्षात मी विचारलं, काय काय विचारलं गं तिने?

"तेरे को कायकू बताऊँ?" खाला म्हणाली. "कागज पे है."