सॅन होजेच्या परसातले हमिंगबर्ड

महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी फेब्रुवारी ते मे असे चार महिने मी लेकीकडे अमेरिकेत राहून आले. लेक-जावई कॅलिफोर्निया राज्यातील सॅन होजे या शहरात असतात. सकाळी दोघेही कामावर, नातू शाळेत. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जावे, घटकाभर बोलत बसावे, अशी तिकडे रीत नाही. त्यामुळे मागच्या दारी खुर्ची टाकून बसायचे, हेच माझे काम झाले. तिथून जे पाहिले ते वाचक भगिनींना, आणि विशेषतः मुलांना, सांगावेसे वाटते.

हे शहर सांता क्लारा नावाच्या खोऱ्यात आहे. एकेकाळी हे खोरे जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. पुढे त्या बागा गेल्या आणि संगणकाच्या कंपन्या व घरे आली. तरी घरामागे थोडेसे परस बहुतेकांना असतेच. लेकीच्या परसात एक लिंबाचे झाड, साल्व्हियाचे ताटवे आणि फ्यूशियाची लोंबती फुले होती. इथे हिवाळ्यात बर्फ पडत नाही, काही ना काही फुललेले असते. म्हणून हमिंगबर्डची एक जात इथे बारा महिने मुक्कामाला असते.

मुलांनो, हमिंगबर्ड आपल्या देशात नाही. त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, पण सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत आणि तिथल्या बेटांवर. आपल्याकडे जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. तो बहुधा फांदीला धरून मध पितो. संध्याकाळी फुलासमोर भिरभिरणारा जीव दिसला तर मिशा बघा. मिशा असतील तर तो पतंग. हमिंगबर्ड मात्र हवेत एका जागी उभा राहतो, मागेही उडतो. पंखांचा गुणगुण आवाज येतो, त्यावरूनच इंग्रजांनी नाव दिले.

बारा महिने राहणाऱ्या जातीचे नाव ॲनाज हमिंगबर्ड. वजन साधारण चार ग्रॅम, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याच्या आसपास. नराचे डोके आणि गळा गडद गुलाबी. पण हा रंग पिसांच्या घडणीमुळे दिसतो. ऊन बरोबर पडले तर निखाऱ्यासारखा पेटतो आणि मान वळवली की काळाठिक्कर. पाच मिनिटांत दोन वेगळे पक्षी येऊन गेले असे वाटते, असतो एकच. वसंतात हा नर दहा मजली इमारतीइतका वर जातो आणि दगडासारखा खाली येतो. अगदी तळाशी 'टिक्' असा मोठा आवाज होतो. तो चोचीतून येत नाही, शेपटीच्या पिसांतून येतो.

दुसरा ॲलन्स. नर तांबूस-नारिंगी, पाठ हिरवी. त्याच्यासारखाच रुफस. त्याची पाठ बहुधा तांबडी असते. तो इथे पाहुणा, वसंतात वाटेत थांबतो आणि पार अलास्कापर्यंत जातो. या दोघांच्या माद्या नुसत्या नजरेने वेगळ्या ओळखता येत नाहीत. जाणकारही तिथे हात टेकतात. एप्रिलमध्ये काळ्या हनुवटीचा चौथा येतो. त्याची मादी आणि ॲनाची मादी दिसायला जवळजवळ सारख्या. ओळखायची खूण शेपटीची. काळ्या हनुवटीवाली फुलापुढे उडताना शेपटी सारखी वरखाली हलवते, ॲनाची बरीच स्थिर ठेवते.

जावयांनी दाराशी लाल झाकणाची बाटली टांगली होती. त्यात एक वाटी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी. रंग घालायचा नाही, मध किंवा गूळ तर नाहीच. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बाटली धुऊन नवे पाणी, नाहीतर आत बुरशी धरते आणि पक्षी आजारी पडतात. ते काम मी अंगावर घेतले. एका नराने ती बाटली आपलीच ठरवली होती. चाळीतल्या नळावर एखादी दांडगी बाई उभी राहते तसा तो तारेवर बसे, दुसऱ्याला थेंब मिळू देत नसे.

मार्चमध्ये लिंबाच्या झाडावर घरटे दिसले. अर्ध्या लिंबाच्या सालीएवढे. कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि कापसासारखा मऊ काडीकचरा, वरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेले. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच जातीचे दगडफूल! आत शेंगदाण्याएवढी दोन पांढरी अंडी. घरटे बांधणे, सोळा-सतरा दिवस उबवणे, पिलांना भरवणे, सगळे मादी एकटी करते. बाटलीवर हक्क सांगणारे ते गुलाबी डोक्याचे साहेब या झाडाकडे फिरकले नाहीत.

पिले दोन-चार दिवसांची असताना बागकाम करणारा माणूस यंत्र घेऊन आला. लिंबाच्या फांद्या कुंपणाबाहेर गेल्या होत्या, त्या छाटायच्या होत्या. तो मेक्सिकोचा, मला ना स्पॅनिश येते ना धड इंग्रजी. मी झाडापुढे उभी राहिले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून वर बोट दाखवले. त्याने यंत्र बंद केले, हळूच डोकावला, आणि टोपी मागे सरकवून म्हणाला, "चुपारोसा." मेक्सिकोत या पक्ष्याला हे नाव आहे, गुलाब चोखणारी. मग त्याने दुसरी बाजू कापली आणि ती फांदी सोडून गेला. अंडी-पिले असलेले घरटे मोडू नये असा तिकडे १९१८ पासूनचा कायदा आहे, हे लेकीने रात्री सांगितले. पण त्या माणसाने कायदा आठवून यंत्र थांबवले असे मला वाटत नाही. त्याचा रोजगार कापलेल्या फांद्यांवर होता.

पिलांवर मोठे संकट निळ्या जे पक्ष्याचे. तो कुंपणावर बसला की माझा जीव खालीवर होई आणि मी टाळ्या वाजवी. साधारण तीन आठवड्यांनी एक पिलू घरट्याच्या काठावर येऊन पंख फडफडवू लागले. दोन दिवसांनी दोन्ही उडाली.

विक्रोळीला परतल्यावर इमारतीच्या कुंपणाकडे नीट पाहिले. लाल-नारिंगी नळीसारख्या फुलांचे हमेलिया तिथे वर्षानुवर्षे आहे. मूळचे ते अमेरिकेचे, तिकडे त्यावर हमिंगबर्ड येतात. आपल्याकडे शिंजीर येतो. गॅलरीत कुंडी ठेवायला जागा असेल तर हमेलिया किंवा जास्वंद लावा आणि सकाळी आठच्या आत बघा. विणीच्या दिवसांत जांभळा शिंजीर नर काळा-निळा चमकतो. मादी वरून मातकट, पोटाशी फिकट पिवळी असते, आणि लोंबते पिशवीसारखे घरटे बांधताना दिसेल ती तीच.